पुतळीच्या कुमरीवरची हाक

माझा स्वभाव तापट हाय, हे आधीच सांगून ठेवते. कुणी वाकडं बोललं की माझ्या जिभेला दम निघत न्हाई, मग समोर दीर असो न्हाईतर साहेब. आमचे मालक भिकाजी म्हणायचे, "पार्वती, तुझ्या तोंडापायी एक दिवस आपल्याला बैलांसकट कुणीतरी हाकलून देणार." ते बिचारे हिवतापानं गेले आणि मला हाकललं ते दिरानं. अगदी रस्त्यावर न्हाई काढलं. खानापुरातल्या घरात गाठोडं ठेवायला एक कोपरा दिला, आणि तो दिल्याचं दर जेवणाला ऐकवलं. मग मी मालकांचे दोन बैल सोडले, त्यांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या टाकल्या आणि ते जायचे त्याच वाटेनं सुप्याच्या रानात जायला लागले. बायामाणसानं असं हिंडावं का म्हणून लोक बोलले. बोलू देत. मीठ काय, बाईनं विकलं म्हणून अळणी लागत न्हाई.

त्या रानात नंदिगड्ड्याच्या पल्याड आंबेतळ म्हणून गाव हाय. कुणब्यांची मोजकी घरं. खाली वहाळाकाठी भाताची शेतं, मधी घरं आणि देवाची राई, वर डोंगराच्या उतरणीला कुमऱ्या. कुमरी म्हणजे रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा आणि त्या राखेत नाचणी पेरायची. दोन-तीन पिकं काढली की तो तुकडा रानाला परत द्यायचा आणि शेजारच्या तुकड्यावर जायचं. परत दिलेल्या जागी झाडं मोठी झाली की नातवंडांनी तिथं यायचं. आज्या-पणज्यापासून हे असं चाललेलं. सरकारला ते बघवत नव्हतं. सरकार म्हणायचं, रान आमचं.

आंबेतळात माझी पुतळी राहायची. माहेर तिचं दिग्गीचं, म्हणजे आणखी आतल्या रानातली पोर. नवरा नागू मध काढताना झाडावरनं पडून गेला, आणि घरात ऱ्हायल्या पुतळी आणि तिची सासू काशी. पहिल्याच वर्षी मी त्या गावात तापानं आडवी झाले तर या दोघींनी मला घरात घेतलं. एकच घोंगडी हुती, ती माझ्यावर घातली. शुद्धीवर आल्यावर मला ते कळलं आणि मी पुतळीवर वरडले, "थंडीनं मेली असतीस म्हणजे? अक्कल हाय का तुला?" ती नुसती हसली आणि उकडलेली कणगं, रताळ्यासारखी कंदं, सोलून माझ्या तोंडात घातली. तोंड भरलं की मी बोलू शकत न्हाई, हे तिनं तवाच वळखलं. तेव्हापासून जीव लागला. मला सख्खी भन न्हाई, पण असती तर मी तिच्यावर एवढी वरडले असते का, शंकाच हाय.

पुतळीची कुमरी उतरणीच्या पार टोकाला, रानाला भिडून हुती. खालचं भात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत पुरायचं. त्याच्या पुढं पावसाळा संपेपर्यंत त्या दोघींच्या पोटात जे जायचं ते त्या कुमरीतलं. नागूनं हाडं मोडून ती केलेली. आणि आता सरकारनं सांगावा धाडला हुता की हद्दीचा साहेब गावोगाव फिरणार. ज्या जमिनीवर गावची माणसं उभी असतील आणि माझी म्हणतील, तेवढी गावाला सोडणार. बाकी सगळी जंगलात. जंगलात गेली म्हणजे तिथं कोयता न्यायचा न्हाई, गुरं शिरली तर दंड, वाळकी काटकी उचलली तर गुन्हा. साहेब शिमग्यानंतर यायचा हुता.

त्या माघात मी उळवीची जत्रा केली. जत्रेत माझं मीठ खपलं, थोडं उरलं, आणि परतीला नंदिगड्ड्याला आले तर तिथं पांढरे तंबू. साहेबाचा मुनशी धारवाडकडचा. स्वयंपाकाला मीठ घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "अक्का, उद्या आम्ही आंबेतळला."

"उद्या? तुम्ही तर शिमग्यानंतर येणार हुता."

"पुढच्या गावात देवीची साथ हाय. साहेब म्हणतात, आंबेतळ आधी उरकू. उद्या सकाळी बघायचं, दुपारी पुढं."

मी माप अर्धं तिथंच टाकलं आणि बैल हाकलले. उन्हं कलली तशी गावात पोचले. आणि बघते तर गावात माणूस न्हाई. दारं सताड उघडी. चुली गार. कोंबडं न्हाई, कुत्रं न्हाई, गोठ्यात शेण तेवढं. पुतळीच्या घरात शिरले, तर उतरंडीला मडकी जागच्या जागी आणि आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गावपळण.

त्या लोकांची रीत हाय ती. काही वर्षांनी देव कौल देतो की मला माझं गाव रिकामं करून द्या. मग तीन दिवस सगळ्यांनी हद्दीबाहेर जायचं. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, सगळी. गावात आग पेटायची न्हाई, आवाज व्हायचा न्हाई. देव आपला एकटा फिरतो म्हणे, या घरातनं त्या घरात, लेकरांनी काय काय करून ठेवलंय ते बघत. परगावच्या माणसाला बंदी न्हाई, कारण त्याला देव वळखतच न्हाई. पण गावच्या माणसानं मुदतीआधी पाय आत टाकायचा न्हाई. माझं म्हणणं, देवाला फिरायचं तर फिरू दे, पण नेमका हाच मुहूर्त सापडावा त्याला?

वहाळाच्या पलीकडं, हद्दीच्या धोंड्याबाहेर त्यांनी पाल्याची खोपटं घातलेली. पोरं खेळत हुती, बाया कणगं भाजत हुत्या. मला बघून पुतळी हसत उठली.

"आलीस गे अक्का. बस, गरम हाय."

"बसायला येळ न्हाई, उठा सगळे," मी म्हणाले. "साहेब उद्या सकाळी येतोय."

सगळं सांगितलं. लखू म्हणजे त्यांचा बुदवंत, गावचा मुख्य माणूस. शांत, खालच्या आवाजात बोलणारा.

"आम्ही काल निघालाव," तो म्हणाला. "उद्या सांजेला न्हाई, परवा सांजेला आत जायचं."

"परवा आत जाऊन काय धुपाटणं मिळणार हाय?" मी म्हणाले. "साहेब रिकामं गाव बघणार, जंगल म्हणून लिहिणार आणि जाणार. अर्धा दिवस जावा आत. देवाला सांगा. देव तुमचा हाय, का साहेबाचा?"

"देव आमचा हाय म्हणून तर जाता येत न्हाई," लखू म्हणाला.

मला असा संताप आला. एवढ्या चांगल्या माणसांना एवढं हट्टी का करून ठेवलंय देवानं. मी पुतळीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी हुतं, पण ती बी मान हलवून न्हाईच म्हणाली. "नागू गेला त्या साली बी पळण हुती," ती म्हणाली. "त्याच्या तेराव्याच्या आधी निघालाव. तवा मोडली न्हाई गे. आता कशी मोडू?"



मग काशीआजी बोलली. ती चुलीपाशी काटक्या मोडत बसलेली. "देवानं आत जायचं न्हाई म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "कडेला उभं ऱ्हायचं न्हाई असं कुठं सांगितलंय?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"हद्द आत न्हाई, भाईर न्हाई. हद्दीच्या भाईरच्या अंगाला पाय ठेवून उभं ऱ्हावा. ज्याचं शेत जिथं संपतं तिथं त्यानं. साहेबानं इचारलं की हाक द्या. रानात हरवलेल्या माणसाला देताव तशी."

लखूनं म्हातारीच्या पायाला हात लावला. मग तिथंच वाटण्या झाल्या. राईच्या कोपऱ्यावर लखू, वहाळाच्या वळणावर झिलू, पाणवठ्याच्या वर फुला आणि तिची पोरं, असं करत करत. पण माणसं थोडी आणि हद्द लांब. गुरं चरायची त्या वरच्या मोठ्या डोंगरीवर उभं करायला कुणी उरलंच न्हाई. पुतळीच्या घरात दोघी, आणि जागा दोन. भातशेत एका टोकाला, कुमरी दुसऱ्या टोकाला. भाताच्या बाजूला चिखल आणि दलदल, तिथं म्हातारी फसली असती. म्हणून पुतळी भाताकडं आणि काशीआजी कुमरीवर.

"आये, तू चढशील?" मी इचारलं.

"पहाटं निघते. हळू हळू जाईन," ती म्हणाली.

मला त्यांनी गावात राहायला सांगितलं. "तू गावची न्हाईस. तुला बंदी न्हाई," लखू म्हणाला. "साहेबाला जरा धरून ठेव." बोलणं खरं हुतं, पण गावची न्हाईस हे कानाला जरा लागलं. का लागावं, ठाऊक न्हाई. मी खानापूरची, उघडंच हुतं की.

सकाळी साहेब आला. बारकासा, नाक लाल, सारखा शिंकत. बरोबर मुनशी, एक मोजणीदार आणि त्याच्या तिपाईचं ओझं घेतलेले दोन गडी. साहेबानं चार घरांत डोकावून बघितलं आणि मुनशीला काहीतरी म्हणाला.

"गाव ओसाड हाय, असं साहेब म्हणतात," मुनशी मला म्हणाला. "लोक उठून गेले. म्हणजे हे सगळं जंगलात."

"साहेबाला इचार," मी म्हणाले, "तो आपलं घर कायमचं सोडून जाईल तवा उतरंडीची मडकी ठेवून जाईल का? बियाणं टांगून जाईल का? दार असं उघडं टाकून जाईल का? दार उघडं टाकून कोण जातं, ज्याला परत यायचंय त्योच."

मुनशीनं सगळं सांगितलं का अर्धं गिळलं, देव जाणे. पण साहेब थांबला. पुतळीच्या दारात वाकून त्यानं कणसांकडं बघितलं.

"मग माणसं कुठं हाईत?" मुनशीनं इचारलं.

"चारी बाजूला. हद्दीवर उभी हाईत. देवाचे दिवस हाईत म्हणून आत येत न्हाईत. हाक मारून बघा."

मुनशीला लाज वाटली. साहेबापुढं रिकाम्या गावात वरडायचं म्हणजे. त्यानं घसा खाकरला आणि शेळी ओरडावी तसं बारीक म्हणाला, "कोण हाय रे तिकडं?"

आणि चहूकडनं हाक आली. कूऽऽ करून. राईतनं, वहाळातनं, पाणवठ्यावरनं, झाडांच्या पलीकडनं, बायांची, बाप्यांची, पोरांची. मला ठाऊक असून माझ्या अंगावर काटा आला. साहेब जागच्या जागी गोल फिरला. त्याच्या तोंडावर कसलंसं हसू आलं, पोराच्या तोंडावर येतं तसं. त्यानं मोजणीदाराला तिपाई मांडायला सांगितली.

"एकेकानं," मुनशी म्हणाला, आता जरा मोठ्यानं. "आपापली जमीन सांगा."

"देवाची राई, लखू," राईच्या कोपऱ्यावरनं आवाज आला. मोजणीदारानं तिकडं तिपाईवरच्या दुर्बिणीची नळी वळवली आणि आकडा सांगितला. साहेबानं कागदावर रेघ ओढली. "वहाळाचं शेत, झिलू." पुन्हा नळी वळली. फुलाच्या मागनं तिची पोरं बी आपापली नावं वरडली, त्यांचं काय शेत असणार हुतं, पण साहेबानं ती ऐकून घेतली. असं करत हद्द माणसामाणसानं पुढं सरकत हुती. मग खालनं पुतळीचा आवाज आला, "नागूचं भात, पुतळी." मेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं सगळ्या रानाला ऐकू जाईल असं घेतलं. मला हुंदका आला, मी तो खोकल्यात दाबला.

वरच्या मोठ्या डोंगरीकडं नळी वळली, तिथनं कुणी बोललं न्हाई. ते ठरलेलंच हुतं. साहेबानं ती सोडून दिली. मग नळी कुमरीच्या उतरणीकडं आली, आणि तिथंबी कुणी बोललं न्हाई.

मुनशीनं पुन्हा हाक मारली. काही न्हाई. तिसऱ्यांदा मारली. नुसता वारा.

"तिकडं कुणी न्हाई. जंगल," मुनशी म्हणाला. साहेबानं पेन्सिल टेकवली.

"थांब," मी म्हणाले. साहेबाला एकेरी बोलले, पण मराठीत बोलले म्हणून निभावलं. मुनशीला म्हणाले, "म्हातारी हाय तिथं. चढायला येळ लागतो. तिला पोचू दे. तू तुझ्या आईला एवढा येळ दिला नसतास का?"

मुनशीनं खाली मान घालून साहेबाला काय सांगायचं ते सांगितलं. साहेब शिंकला, नाक पुसलं आणि एका धोंड्यावर टेकला.

मी पळत सुटले. या वयात, लुगडं खोचून, करवंदीतनं ओरबाडत. पावलापावलाला देवाला शिव्या घातल्या, काशीला घातल्या, नागूला बी घातल्या, एवढ्या वर कुमरी करायची काय गरज हुती म्हणून. कुमरीचा वरचा बांध वलांडून पलीकडं गेले, तर म्हातारी तिथंच. पोचली हुती. बरोबर जागेवर, हद्दीच्या भाईरच्या अंगाला. झाडाला पाठ लावून बसलेली, छाती भात्यासारखी वरखाली. ओठ हलत हुते. हाका मारत हुती ती, कवापासनं कोण जाणे. आवाजच फुटत नव्हता.

मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा हात धरला आणि गळ्यापाशी नेला, बघ, इथं अडकलंय, असं.

"आये, आता काय करू?"

तिनं माझ्या छातीवर थाप मारली. तू मार.

"मी? अगं, मी तुमच्यातली न्हाई. मला तशी हाक येत बी न्हाई."

तिनं पुन्हा थाप मारली, जरा जोरानंच. म्हातारी बी तापटच हुती.

मी उभी ऱ्हायले. खाली झाडांच्या मधनं घरांची छपरं दिसत हुती, आणि छपरांच्या पलीकडं, पार टोकाला, भातात एक ठिपका. पुतळी. ती इकडंच बघत असणार. तिथनं तिला सगळं ऐकू आलं असणार, सगळ्यांच्या हाका आणि मग इथली शांतता. तिच्या मनात काय चाललं असंल, इचार करवेना. मी तोंड उघडलं आणि हाक मारली. कसली हाक ती, अर्ध्यावर चिरकली. बैलाला हाकतात तशी आली. पुन्हा मारली. "नागूची कुमरी," मी वरडले. "काशीची कुमरी. पुतळीची कुमरी." आणि मग माझंच नाव माझ्या तोंडातनं गेलं, सगळे आपलं नाव सांगत हुते म्हणून असंल, "पार्वती."

क्षणभर काही न्हाई. मग खाली भातातनं पुतळीनं कूऽऽ केलं. तिच्या मागनं झिलूनं, मग लखूनं, मग सगळ्यांनी. माझ्या पायाशी म्हातारी रडत हुती आणि हसत हुती, आणि मी बी.

साहेबानं कुमरी आत धरली. वरची डोंगरी मात्र गेली. तिथं उभं राहायला माणूसच नव्हतं, काय करणार. पुढं त्या डोंगरीपायी त्या लोकांनी लई सोसलं. ते दुःख मोठं हाय आणि आज सांगायचं न्हाई मला. पण कुमरी ऱ्हायली. त्या पावसाळ्यात पुतळीच्या चुलीवर भाकरी पडली.

दुसऱ्या दिवशी सांजेला पळण सुटायची हुती. मी खोपटांपाशीच ऱ्हायले हुते, उरलंसुरलं मीठ बायांना वाटून टाकलं आणि बैलांवर रिकाम्या गोण्या बांधल्या. उजेड असेतो नंदिगड्डं गाठायचं, तिथनं खानापूर, दिराचा कोपरा. पुतळीचा निरोप घेतला. ती काही बोलली न्हाई, म्हणून मला जरा रागच आला. एवढं सगळं झालं आणि निघताना बाईच्या तोंडातनं एक शब्द न्हाई. मी बैल वळवले आणि चालायला लागले.

सगळं गाव हद्दीच्या धोंड्यापाशी गोळा झालं हुतं. गुरं, पोरं, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या. लखूनं नारळ ठेवला, हात जोडले. पण पाऊल कुणी टाकेना. आत जायचं ते सगळ्यांनी मिळून, एकाच येळी पाय उचलून. एक जरी माणूस भाईर ऱ्हायलं तर बाकीच्यांनी बी थांबायचं, अशी त्यांची रीत.

मी वाटेनं थोडी पुढं जाऊन मागं बघितलं, तर तशीच उभी. वासरं हंबरायला लागलेली. एवढी घाई हुती घरी जायची आणि आता काय झालं, म्हणून मीच तिथनं वरडले, "अंधार पडायला लागला. जावा की आता. कुणासाठी थांबलाय?"

"एक माणूस कमी हाय," लखू म्हणाला.

कुणाचं पोर ऱ्हायलं रानात? मी बैल सोडून माघारी पळत आले. फुलाची पोरं बघितली, झिलूचं तान्हं बघितलं, काशीआजी काठी टेकून उभी. सगळी हुती.

"कोण कमी हाय?" मी इचारलं. "सांगा की. शोधायला नको का?"

सगळे माझ्याकडंच बघत हुते. मग काशीआजीला आवाज फुटला, घोगरा, बसलेला. "काल कुमरीवरनं आपलं नाव कुणी सांगितलं गे?"

माझं तोंड भरलेलं नव्हतं, तरी बोलता येईना.

"देवानं ऐकलंय ते," ती म्हणाली. "आता तू भाईर ऱ्हायलीस तर आम्हाला आत घेणार न्हाई त्यो."

पुतळीनं आपल्या शेजारी जागा केली. नुसती सरकली, आणि एक माणूस मावेल एवढी जागा झाली. मी भिकाजींच्या घरात नांदले, दिराच्या कोपऱ्यात झोपले, पण माझ्यासाठी कुणी दाराबाहेर थांबलंय असं जन्मात घडलं नव्हतं. मी जाऊन तिच्याजवळ उभी ऱ्हायले. झिलूनं माझे बैल आणून मागं उभे केले. रडू आवरत नव्हतं, आणि त्याचा बी मला राग येत हुता.

"टाक पाऊल," पुतळी म्हणाली. "पोरं भुकेली हाईत."

मी पाय उचलला. तवा सगळ्या गावानं उचलला.